हॅकनी, कॅचर

कॅलोवे, ओहायो
२ मे १९५०

प्रिय ऑपल,

फेब्रुवारीत तुझ्या बहिणीच्या दारात उभी राहून तू जे म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. "व्हर्जिल, ज्या दिवशी खेळणं सोडशील त्या दिवशी ये. त्याआधी फुलं घेऊन आलास तरी दार उघडणार नाही." फुलं मी आयुष्यात एकदाच आणली होती, आणि तीही एका सामन्यात बक्षीस मिळालेली, त्यामुळे तो धोका तसा नव्हताच.

बेसबॉलचं हे शेवटचं वर्ष. हसू नकोस. मागच्या वर्षीही म्हणालो होतो आणि त्याच्या मागच्याही, ते मला आठवतंय. पण यंदा माझे गुडघे तसं म्हणतायत, आणि ते माझ्यासारखे थापाडे नाहीत. कॅचर म्हणून प्लेटमागे उकिडवा बसलो की उठताना असा आवाज येतो की बॅट घेऊन उभा असलेला पोरगाही वळून बघतो.

पॉटर्सचं म्हणशील तर यंदाही तेच. गाव कुंभारांचं, संघाचं नाव कुंभारांवरून, आणि मडकी फुटतात ती आमचीच. सुरुवातीचे सगळे सामने हरलो. संघ चालवायचाही मी आणि कॅचर म्हणून बसायचंही मीच, त्यामुळे हरल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न पडत नाही. आमचे अध्यक्ष क्रमसाहेब अजून तसेच आहेत. दुकानाच्या पुढच्या भागात खुर्च्या विकतात, मागच्या भागात शवपेट्या. खुर्ची विकताना जो चेहरा, तोच पेटी विकताना, आणि माझ्याशी बोलतानाही तोच.

घरमालकीण केटरमनबाईंनी आपली दोघांची नेहमीचीच खोली दिली. दारातच विचारलं, "आणि मिसेस हॅकनी?" मी म्हटलं, बहीण आजारी आहे, तिच्याकडे राहिलीय. तेव्हा तुझी बहीण आजारी आहे, हे लक्षात असू दे. त्यांनी तिच्यासाठी मुरंब्याची बाटली काढून ठेवली होती. ती मी खाल्ली.

संध्याकाळी बादलीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसतो. मीठ किती टाकायचीस ते कधी पाहिलं नाही. कधी जास्त पडतं, कधी विसरतो. उत्तर नाही पाठवलंस तरी हरकत नाही, मी लिहिणार आहे.

तुझा,
व्हर्जिल

११ जून

प्रिय ऑपल,

बसमधून लिहितोय, म्हणून अक्षर असं. बसचं इंजिन डोंगर चढताना दम टाकतं, मग सगळी पोरं खाली उतरून चालतात आणि वर जाऊन तिची वाट बघतात. मी उतरत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "व्हर्ज, तू बस, तुझ्या वजनाची तिला सवय आहे."

काल डेलमार पोगला काढला. पिचर होता, विशीतला, केंटकीचा. हात चांगला, पण चेंडू कुठे जाईल ते त्याला आणि देवाला दोघांनाही ठाऊक नसायचं. तुला रीत माहीत आहे. ज्याला काढायचं त्याला सामन्यानंतर जेवायला न्यायचं, चांगला मांसाचा तुकडा खाऊ घालायचा, आणि आइस्क्रीम येईपर्यंत काही बोलायचं नाही, नाहीतर पोरगं जेवत नाही. मीही हे माझ्या पहिल्या मॅनेजरकडूनच शिकलो. डेलमारने ताट पुसून खाल्लं. मग वेट्रेस आली तशी मान खाली घालून, मॅनेजरला सगळी पोरं म्हणतात तसं म्हणाला, "स्किप, मला आइस्क्रीम नको."

मी म्हटलं, "खा रे, आलंय ते."

"तुम्ही बोला ना काय ते. मी ऐकतो."

मग बोललो. त्याने माझ्याशी हात मिळवला, वर मलाच थँक्यू म्हणाला. एकेक वेळी वाटतं, असं काढलं जाताना माणसाने थोडी तरी शिवी द्यावी. आपल्यालाही बरं वाटतं.

आता पिचर हवा, आणि पोरं काही कामाची नाहीत. आज सकाळी क्रमसाहेबांनी दुकानात बोलावलं. बेन ओस्ट्रँडर मोकळा झालाय. तोच तो, डावखुरा, वरच्या लीगमध्ये दहा वर्षं होता. त्याच्या संघाने सोडलाय, गाडीत बायको आणि मुलं भरून काम शोधत फिरतोय.

"तो आला तर आपण पहिल्या चारांत," क्रमसाहेब म्हणाले. पहिल्या चारांना पुढचे सामने मिळतात, आणि ते सामने बघायला गाव लोटतं. "आणि नाही आला तर पुढच्या वर्षी इथे संघ असेल असं मी सांगत नाही. लोक आता घरी बसून रेडिओवर मोठे सामने ऐकतात."

मी म्हटलं, "साहेब, तो जुना खेळाडू. आपले जुने भरलेत."

तुला हा नियम मी कधी सांगितला होता की नाही आठवत नाही. आमच्या पायरीवरच्या लीगमध्ये जुने खेळाडू मोजकेच ठेवता येतात, बाकी सगळी नवी पोरं. आमचे जुने म्हणजे तिसऱ्या बेसवरचा कोझार, पहिल्या बेसवरचा व्हिटलो आणि मी. एक आणायचा तर एक काढायचा.

"कुणाला काढायचं ते तू बघ," क्रमसाहेब म्हणाले. "काढण्याचं काम तुझं आहे. मी त्यात कधी पडलोय का?" आणि समोरच्या टेबलावरची धूळ पुसायला लागले.

कोझारला मुलगी झालीय. व्हिटलोइतका बॅटने मारणारा आमच्याकडे दुसरा नाही. बघतो काय करायचं ते.

तुझा,
व्हर्जिल

१६ जुलै

प्रिय ऑपल,

ओस्ट्रँडर आला. पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्यांची अशी जिरवली की केटरमनबाई सुद्धा टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या मैदानावर फक्त भाजलेले शेंगदाणे खायला येतात. बायको बसली होती गाडीत, मुलं मागच्या सीटवर झोपलेली. तिने खिडकीतून विचारलं, "इथे किती दिवस?" ओस्ट्रँडर म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत तरी." ती म्हणाली, "म्हणजे मुलांच्या शाळेचं परत तेच," आणि काच वर केली. मला तुझी आठवण आली. तू कधी काच वर केली नाहीस, ते करायला हवं होतंस.

त्याला जागा करायची तर कुणाला तरी जावं लागलं. गेला एक जण. जुना माणूस होता, गुडघे गेलेले, बोटं वाकडी झालेली, चेंडू पकडला की नखाखाली रक्त साकळायचं. सगळे म्हणतात बरंच झालं. नाव विचारू नकोस, तुला वाईट वाटेल, किंवा वाटणार नाही, दोन्हींची मला सारखीच भीती आहे.

रीतीप्रमाणे त्याला जेवायला नेलं. त्याच हॉटेलात. वेट्रेसने विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?" मी म्हटलं, नाही. टेबलावर एकच ताट होतं. मांस चिवट होतं. आइस्क्रीम मागवलंच नाही, कारण त्याला आधीच कळलं होतं.

बाकी ठीक. मी संघ चालवतोच आहे. हंगाम सप्टेंबरपर्यंत आहे, आणि मध्येच सोडून येणं बरं दिसत नाही, हे तुलाही पटेल. गुडघ्यांना थोडा आराम आहे.

तुझा,
व्हर्जिल

३० जुलै

प्रिय ऑपल,

ऊन फार आहे. जिंकतोय. सलग इतके सामने जिंकायची मला सवय नाही, त्यामुळे थोडं आजारी असल्यासारखं वाटतं.

शनिवारी मी दोन हिट मारले. एक तर थेट कुंपणाला लागला. लोक उभे राहिले होते. तुला वाटेल, या वयात. मलाही तसंच वाटलं.

लायल बीम म्हणून एक नवा कॅचर आलाय, सैन्यातून सुटलेला. माझा बदली म्हणून. पोरगा प्रामाणिक आहे, पण बॅट फिरली की डोळे मिटतो. बाकावरून बघितलं की स्पष्ट दिसतं. म्हणजे मी विश्रांती घेतो त्या दिवशी. मी त्याला म्हटलं, "लायल, चेंडू काय तुला चावतो का?"

"स्किप, कोरियात जाऊ का त्यापेक्षा, तिथे निदान हेल्मेट देतात."

"तुला काय तिकडे बोलावलंय का?"

"बोलावतील की. सुरूच झालंय ना ते."

रोज सकाळी त्याच्याबरोबर एक तास घालवतो. जवळ उभा राहून हळू चेंडू टाकतो, तो डोळे उघडे ठेवून पकडतो. परवा त्याने एक अवघड चेंडू जमिनीवरून उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की माझ्या आईनेही मला कधी असं पाहिलं नसेल. हे तुला का सांगतोय माहीत नाही.

नखं परत आली. सगळ्या बोटांना. आरशात बघत असतो, म्हणजे हात, चेहरा नाही.

तुझा,
व्हर्जिल

२१ ऑगस्ट

प्रिय ऑपल,

आज लिहायचा कंटाळा आलाय, तरी लिहितो. गेल्या आठवड्यात मार्लोवाल्यांविरुद्धचा जिंकलेला सामना लीगने आमच्याकडून काढून घेतला. नियमाची काहीतरी भानगड. आमच्याकडून एक माणूस खेळला, ज्याचं नाव खेळाडूंच्या यादीत नव्हतं. चुकून. कोण ते महत्त्वाचं नाही. कुरियर या गावच्या वर्तमानपत्राच्या फिचने ते पहिल्या पानावर छापलं, जणू गावात दरोडा पडला. क्रमसाहेब दुकानातून बाहेर येईनात. ओस्ट्रँडरचा घाम फुकट गेला, तो मात्र एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आम्ही पाचव्या जागी आहोत. अजून काही सामने बाकी आहेत.

मी बरा आहे. झोप लागत नाही, एवढंच.

तुझा,
व्हर्जिल

कॅलोवे
५ सप्टेंबर

प्रिय ऑपल,

काल हंगाम संपला. एका सामन्याने चौथी जागा हुकली. तोच तो सामना. पोरं आज सकाळी आपापल्या गावी निघून गेली. लायल हात हलवत गेला, ओस्ट्रँडरच्या गाडीच्या टपावर गाद्या बांधलेल्या होत्या. मैदानावर मी आणि फिच, आणि कचरा वेचणारा म्हातारा.

फिच इकडे सामनेही लिहितो आणि गावातली मयतंही. तो हातात लिहायचा पुठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "व्हर्ज, तुझ्या बायकोला सांग, गेल्या आठवड्याचे अंक तिला उशिरा पोचले असतील. पोस्टाचा घोळ झाला. माफी माग माझ्या वतीने."

मी म्हटलं, "कसले अंक?"

"कुरियरचे. ती टपालाने घेते ना. एप्रिलपासून."

तोच पुढे म्हणाला, "जुलैअखेर वर्गणी संपली होती. मला वाटलं आता बंद. पण ऑगस्ट लागला न लागला तोच तिचं पाकीट आलं, पुढच्या महिन्यांसाठी. बाई नीटनेटकी आहे, गळ्याशी येईपर्यंत थांबत नाही."

ऑपल, मी बाकावर बसलो.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. सामन्याचा तक्ता रोज छापून येतो, त्यात "हॅकनी, कॅचर" अशी ओळ असते. पंधरा जुलैला ती होती, सोळाला नव्हती, आणि त्यानंतर मार्लोवाल्यांचा तो एक सामना सोडला तर कधीच नव्हती. तू ते वाचत होतीस आणि इकडून मी लिहीत होतो, शनिवारी दोन हिट मारले. एका हातात कुरियर आणि दुसऱ्या हातात माझं पत्र घेऊन तू बसली असशील तुझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. मला इतकी लाज वाटतेय की कागदावरची नजर वर उचलवत नाही, आणि समोर तर कुणीही नाही.

आता सांगतो. नाव यादीतून मीच काढलं. कोझारची मुलगी, व्हिटलोची बॅट, ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण एवढंच की आम्हा तिघांत सर्वांत वाईट खेळत मी होतो. काढलं त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं. वाटलं, आता ऑपलला लिहायचं, आलो म्हणून. दोन दिवसांनी कागद घेतला, आणि तुला लिहिलं ते तुला माहीतच आहे.

आणि मार्लोवाल्यांचा तो सामना. सातव्या डावात बॅटला चाटून आलेला चेंडू लायलच्या अंगठ्यावर बसला. त्याला बाहेर आणलं, डॉक्टर बघायला लागला, आणि मी वाकलो, नडगीचे पॅड बांधले, मास्क घातला आणि जाऊन प्लेटमागे बसलो. विचार केला असता तर थांबलो असतो. विचारच केला नाही. वीस वर्षं मधल्या डावात काही झालं की हात तेच करतात. आणि गंमत ही, की कुणाच्याच लक्षात आलं नाही. पंच म्हणाला, "उशीर केलास, व्हर्ज." आमच्या बाकावरच्या पोरांनी नेहमीसारखी हाळी दिली. ओस्ट्रँडरने माझ्या खुणेवर मान डोलावली आणि टाकला. अख्खा डाव झाला. ऑपल, तो डाव मी फार छान खेळलो, हे सांगायला मला अजूनही आवडतंय.

मग मार्लोच्या बाकावरून डेलमार पोग उठून आला. जूनमध्ये आम्ही काढल्यावर त्यांनी त्याला घेतला होता. दोन डावांच्या मध्ये तो मला भेटायला आला, इतक्या आनंदाने की विचारू नकोस. म्हणाला, "स्किप, पुन्हा खेळायला लागलात? मला तर कुणीतरी सांगितलं होतं, तुम्ही स्वतःलाच काढलंत म्हणून. मी दोन दिवस जेवलो नव्हतो ते ऐकून."

त्याच्या मागेच त्याचा मॅनेजर उभा होता. त्याने ऐकलं. डेलमारला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा झाला, "स्किप, मी मुद्दाम नाही..." असं म्हणायला लागला. मी म्हटलं, "अरे, तू खरं तेच बोललास." सामना आम्ही जिंकला, आणि दोन दिवसांनी लीगची तार आली.

क्रमसाहेब काल आले होते. म्हणाले, पुढच्या वर्षी संघ उभा राहणार आहे, कसाबसा, आणि मॅनेजर म्हणून त्यांना मीच हवाय. "झालं गेलं," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठी गोष्ट. मी नाही म्हटलं. तुझ्यासाठी नाही म्हटलं असं समजू नकोस. मी दमलोय. बसमध्ये, खोलीत, बादलीत पाय घालून, सगळीकडे दमलोय. डोंगराशी बस थांबते तेव्हा सुद्धा आता खिडकीतून बाहेर बघवत नाही.

आता जे जुलैपासून लिहायचं राहिलंय ते लिहितो. मी तुला सांगितलं नाही, ते तुला फसवायला नव्हे. मी खेळत होतो तोवर तू मला का सोडलंस ते मला ठाऊक होतं. खेळतो म्हणून. ते कारण माझं मला पुरत होतं, त्याच्यावर मी सगळा उन्हाळा काढू शकलो असतो. पण खेळणं संपल्यावर दारात येऊन उभा राहिलो, आणि तरीही तू दार उघडलं नाहीस, तर मग कारण मीच. त्याला मग दुसरं नावच नव्हतं. म्हणून थाप मारली. दोन हिट, कुंपणाला लागलेला चेंडू, सगळं. तू दाराशी उभी असतेस हे मी पाहिलंय, पण तू दार उघडशील की नाही हे कधी माहीत नव्हतं, आणि ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि आज फिच म्हणतो, ऑगस्टच्या सुरुवातीला वर्गणी पुन्हा आली.

जुलैअखेरपर्यंत तू माझं नाव शोधत होतीस, ते मी समजू शकतो. कधी जातं ते बघायला. ते गेलं तेव्हा तुझं काम झालं होतं. तू बंद करू शकली असतीस. मी बाकावर बसून बराच वेळ हेच घोळवत होतो, दुसरं काही कारण निघतं का म्हणून. निघत नाही. कॅलोवेच्या एका फडतूस लीगच्या तक्त्यात, जिथे हॅकनी नावाची ओळ नव्हती, तिथे तुझं काय होतं?

गुरुवारच्या दुपारच्या बसने येतोय. हातात फुलं नाहीत, सामानही फारसं नाही. माझं नाव नसलेलं ते पान तू महिनाभर का वाचत होतीस, एवढंच विचारायचंय. दारातूनच सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
व्हर्जिल